बारा गुण वजा

"वाचलं. वाईट वाटलं रे. काळजी घे."

एवढाच मेसेज होता. धम्मपालनं तो वाचला, फोन खिशात टाकला आणि बस यायच्या आत पुन्हा काढून वाचला. पाठवणाऱ्याचं नाव तपासलं. नाव हिमांशूचंच होतं आणि फोटोही त्याचाच, लाल जर्सी घालून बत्तीशी दाखवणारा. बजाजनगरच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं रोजच्यासारखी जांभया देत होती, पोह्यांच्या गाडीवर कांदा चिरणं चाललं होतं, आणि धम्मपाल त्या तीन वाक्यांत आपल्याला काय खटकतंय ते शोधत होता. बातमी तर त्याला पहाटेच लागली होती. वेक्सटन ॲथलेटिक, म्हणजे त्याचा क्लब, इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावचा निळ्या जर्सीचा क्लब, पैशाच्या भानगडीत सापडला होता. मालकानं स्वतःच्याच खिशातले पैसे जाहिरातींचं उत्पन्न म्हणून दाखवले, त्या जोरावर खेळाडू विकत घेतले, खर्चाची मर्यादा बिनदिक्कत ओलांडली, आणि हे काही वर्षं चाललं. चौकशी समितीनं निकाल दिला: बारा गुण वजा, नवे खेळाडू घ्यायला बंदी, वर दंड. बारा गुण गेले म्हणजे क्लब गुणतक्त्याच्या तळाला, आणि हंगाम संपला की खालच्या लीगमध्ये. हे सगळं त्यानं दात घासता घासता वाचलं होतं आणि तोंडातला फेस तसाच ठेवून आरशात स्वतःकडे बघत राहिला होता. वाईट वाटलं होतंच. पण ते ओळखीचं वाईट वाटणं होतं. इतकी वर्षं एखाद्या क्लबच्या मागे घालवली की अशी दुखणी अंगवळणी पडतात. हे 'काळजी घे' मात्र त्याला नवीन होतं.

कारण हिमांशू रोव्हर्सचा. वेक्सटन रोव्हर्स, त्याच गावचा दुसरा क्लब, लाल जर्सीवाला. ॲथलेटिक हरलं की हिमांशू काय काय पाठवायचा याचा विचार करताना धम्मपालला बसमध्येसुद्धा हसू आलं. एकदा चार गोल खाल्ल्यावर त्यानं चौकात लावतात तसला फ्लेक्सच बनवून पाठवला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली ॲथलेटिकच्या अकरा खेळाडूंचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात हार, आणि अगदी तळाशी 'शोकाकुल: धम्मपाल आणि समस्त परिवार'. एकदा भर दुपारी कंपनीत फोन करून रडवेल्या आवाजात म्हणाला होता, "कधी नेणार रे? मी निघतो." शेजारच्या टेबलावरचा पुंजाराम घाबरून विचारायला लागला, कोण गेलं? असला माणूस. त्याच्या हातात आज आयतं कोलीत मिळालं होतं, ॲथलेटिकच्या इतिहासातली सगळ्यात मोठी नाचक्की चालून आली होती, आणि हा लिहितो काय, तर काळजी घे. ग्रुपवर बाकीच्यांनी धुमाकूळ घातला होता. जालन्याचा सुदर्शन तर रात्रीपासून जागाच असावा, त्यानं बेड्या घातलेल्या मालकाची चित्रं टाकायचा सपाटा लावला होता. हिमांशूचा तिथं एक शब्द नव्हता. धम्मपालला राग आला असं म्हणता येणार नाही. त्याला कुतूहल वाटलं, आणि त्या कुतूहलाला कुठंतरी बारीकशी धार होती. खिशातला फोन त्याला दिवसभर मांडीला जाणवत राहिला.

त्या दोघांची एक रीत होती. तिची सुरुवात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी झाली. धम्मपाल होस्टेलवर राहायचा आणि हिमांशू समर्थनगरात स्वतःच्या घरी, पण घरच्या टीव्हीवर श्रीनिवासरावांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, बातम्या आणि चर्चा चालायच्या, म्हणून फुटबॉल बघायला तो होस्टेलच्या टीव्ही-खोलीत यायचा. पहिल्यांदा शेजारी बसले तेव्हा समोर लागलेली मॅच ॲथलेटिक आणि रोव्हर्सची होती. दोघांनाही दोन्ही क्लबांचं नावसुद्धा धड घेता येत नव्हतं. धम्मपाल म्हणाला, मी निळे. निळा रंग घरचा, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हिमांशू म्हणाला, मग मी लाल, नाहीतर भांडायचं कुणाशी? एवढ्यावर दोन माणसांचं आयुष्य ठरून गेलं. लग्नंसुद्धा इतक्या झटपट ठरत नाहीत. त्या रात्री रोव्हर्स हरले, मेस बंद झालेली, हिमांशू तोंड पाडून बसला. धम्मपाल त्याच दिवशी वैजापूरकडच्या गावाहून आला होता आणि आईनं बांधून दिलेलं पिठलं-भाकरीचं फडकं त्याच्या पिशवीत होतं. त्यानं ते सोडून हिमांशूपुढे ठेवलं. "घे. मयताच्या घरी चूल पेटत नसती. हा कडू घास." हिमांशू आधी खो खो हसला, मग खाऊ लागला, आणि त्याच्या तोंडात भाकरी आहे हे पाहून धम्मपालनं संधी साधली. रोव्हर्सच्या गोलकीपरपासून सुरुवात करून त्यानं अशी काही हजामत केली की हिमांशूला ठसका लागला, पण तोंड भरलेलं असल्यानं उत्तर देता येईना. तेव्हापासूनचा नियम. ज्याचा क्लब हरेल त्याच्या घरी दुसऱ्यानं पिठलं-भाकरी घेऊन जायचं. हरलेल्याच्या घरी चूल पेटवायची नाही. आणि त्याच्या तोंडात घास असेपर्यंत जिंकलेल्यानं वाटेल ते बोलायचं, त्यानं ऐकायचं.

पुढे दोघांची लग्नं झाली, हिमांशू आर्किटेक्ट म्हणून नावारूपाला आला, धम्मपाल वाळूजच्या एका कारखान्यात डिझाइनचा प्रमुख झाला, केस पांढरे व्हायला लागले, पण रीत मोडली नाही. घरच्या बायकांनी आधी डोक्याला हात लावला. हिमांशूची आई दमयंतीकाकू म्हणायच्या, जित्याजागत्या माणसांना कसला रे कडू घास देता, अभद्र मेले! आणि असं म्हणत म्हणत पिठल्याला लसणाची फोडणी द्यायच्या. गीताबाईंना, धम्मपालच्या आईला, यात अभद्र काही वाटलं नाही. "लोकाच्या दुःखात भाकर घिऊन जायची असती," त्या म्हणायच्या, "मंग ते दुःख शेंबडं असू दे." हिमांशूचं दुःख त्यांच्या हिशेबी शेंबडंच होतं, पण भाकरी त्याला स्वतःच्या हातानं थापून द्यायच्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत धम्मपाल कँटीनमध्ये नुसताच बसला. डबा आणलाच नव्हता, सकाळी बायकोनं, करुणानं, विचारलं होतं, "आज हिमांशूभाऊ येणार ना? मग मी काय करू नको ना?" आणि तो नको म्हणाला होता. भूक लागली होती आणि भुकेत डोकं जरा जास्तच चालतं. त्यानं स्वतःशी कारणं मांडून पाहिली. हिमांशू मोठा झाला असेल. शक्य नव्हतं, मागच्याच महिन्यात या माणसानं ॲथलेटिकच्या कर्णधाराच्या टकलावर ओव्या रचल्या होत्या. हिमांशूला खरंच वाईट वाटलं असेल. असेल, पण त्याला वाईट वाटलं की तो जास्तच चेकाळतो, स्वतःच्या बापाच्या दहाव्याला त्यानं धम्मपालच्या कानात भटजींची नक्कल केली होती. मग काय? मग धम्मपालनं उलट्या बाजूनं जायचं ठरवलं. हिमांशू आज आला असता तर तो काय बोलला असता, ते आपणच बोलून बघू. त्यानं मनातल्या मनात घास तोंडात घेतला आणि हिमांशूचा आवाज ऐकू लागला. 'तुम्ही कधी वर आलाच नव्हता रे. नियम वाकवून वर आणलं तुम्हाला. ती जागा तुमच्या कमाईची नव्हती. खेळून मिळवली असती तर बोललो असतो.' इथपर्यंत आला आणि तो आवाज हिमांशूचा राहिला नाही. ही वाक्यं त्यानं ऐकलेली होती. फुटबॉलबद्दल ऐकलेली नव्हती.

कँटीनमध्ये भांड्यांचा खणखणाट चालू होता. धम्मपालला एकदम होस्टेलची ती टीव्ही-खोली दिसली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात पेंगणारा वॉचमन कडूबा. पहिल्या वर्षाचे निकाल लागले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी, त्याचं नावही आता आठवत नाही, नुसता दाताला तार लावलेला जबडा आठवतो, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की काही जणांना जागा मिळाल्या म्हणून काही जणांच्या जागा गेल्या, आणि ज्यांना मिळाल्या त्यांची लायकी काय होती ते सगळ्यांना माहीत आहे. धम्मपालची मान ताठ झाली, त्या मानेतली शीर त्याला आजही दाखवता येईल. त्या क्षणी हिमांशू उठला, टीव्हीपाशी गेला, आणि आवाज मोठा केला. एवढंच केलं. समालोचक ओरडत राहिला, कडूबा दचकून जागा झाला, हिमांशू परत येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, ऑफसाइड होता बघ. धम्मपालनं त्या आवाज मोठा करण्याचा आजवर पुष्कळदा विचार केला होता. मला ऐकू येऊ नये म्हणून केला, की त्याला स्वतःला ऐकवेना म्हणून? भांडण नको म्हणून, की भांडणात माझ्या बाजूनं उभं राहावं लागू नये म्हणून? कधी त्याला ते फार मोठं वाटायचं, कधी फार छोटं. विचारलं मात्र नाही. मैत्रीत काही प्रश्न विचारायचे राहून जातात आणि मग त्यांच्यावरच आपण घर बांधतो.

म्हणजे हिमांशू सांभाळून घेत होता. कारण सापडलं तेव्हा धम्मपालला आधी बरं वाटलं, कोडं सुटलं की वाटतं तसं. आणि मग, हळूहळू, फार वाईट वाटू लागलं. चिडवणं हे त्या दोघांच्या मैत्रीचं अर्धं अंग होतं. बाकी सगळीकडे लोक धम्मपालशी जपून बोलत. साहेब चांगले आहेत, साहेब हुशार आहेत. आणि 'हुशार' म्हणताना त्यात किंचितसं आश्चर्य मिसळलेलं असे, ते ओळखायला आता त्याला कान लावावा लागत नसे. एकटा हिमांशू होता जो बेधडक शिव्या द्यायचा. त्याच्यापुढे धम्मपाल नुसता ॲथलेटिकवाला होता, मूर्ख, आंधळा, पराभूत ॲथलेटिकवाला, आणि तसं असण्यात किती मोकळीक असते हे ज्याला सगळीकडे शहाण्यासारखं वागावं लागतं त्यालाच कळतं. आज हिमांशू जपून बोलला. उद्याही बोलेल. एकदा माणूस जपायला लागला की थांबत नाही. नमस्कार-चमत्कार, दिवाळीचे मेसेज, मुलांचे वाढदिवस. हे असंच होऊन जाईल आणि कुणाचं काही चुकलं असं म्हणताही येणार नाही, याची धम्मपालला त्या रिकाम्या टेबलापाशी बसून खरी भीती वाटली.

संध्याकाळी घरी आला तर दोघी वाट बघत बसल्या होत्या. गॅस पुसून स्वच्छ, ओटा कोरडा. "आले नाहीत?" करुणानं त्याच्या मागं जिन्याकडे बघत विचारलं. "नाही." "फोन?" "नाही." गीताबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, त्यांनी शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. "हेमांशू आजारी तर नाय ना पडला? चार वाजल्यापून वाट बघून ऱ्हायले मी. त्याच्या आईच्या हातचं पिठलं लई चवदार असतंय." करुणा हसली नाही. ती रोव्हर्स-ॲथलेटिकच्या भानगडीत कधी पडली नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा. "तुमचं भांडण झालं का?" तिनं विचारलं. "भांडण झालं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मग मी खिचडी टाकू?" पातेलं हातात घेऊन ती उभी राहिली. साधा प्रश्न होता, आठ वाजत आले होते, म्हातारीला भूक लागलेली. पण धम्मपालला वाटलं, हे पातेलं गॅसवर चढलं की संपलं. "पाच मिनिटं थांब," तो म्हणाला, आणि गाडीची किल्ली उचलली. "अहो, पाच मिनिटांत कुठं जाऊन येणार तुम्ही?" करुणा जिन्यावरून म्हणाली. "आई, तुम्ही दाणे खा तोवर."

वाळूजच्या रस्त्यावर शिफ्ट सुटलेल्या मोटारसायकलींचा पूर होता. नगर नाक्यापर्यंत त्याला दुसरा गिअर सोडता आला नाही, पुढे छावणीत झाडांखाली जरा हवा लागली. आणि तिथं, का कोण जाणे, त्याला वडील आठवले. कचरू, वैजापूरच्या मार्केट यार्डात कापसाचे गठ्ठे वाहून पाठ वाकलेले, शेवटची वर्षं बजाजनगरच्या फ्लॅटमध्ये पोरापाशी काढलेले. ॲथलेटिक लीग जिंकलं त्या संध्याकाळी ते समोर बसले होते. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "आपले कोणते?" त्यांनी विचारलं. "निळे." "मंग पळू दे त्यांना." शेवटची शिट्टी झाली आणि धम्मपाल ओरडत उठला तेव्हा म्हातारा पण उठला, पोराच्या ओरडण्याला घाबरून उठला असेल, आणि दोघांनी एकमेकांना धरलं. कचरू कुणाला मिठी मारणाऱ्यांतला माणूस नव्हता. दहावीला धम्मपाल पहिला आला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली होती, नोकरी लागली तेव्हा कोपरानं डोळे पुसले होते. त्या संध्याकाळी मात्र त्यानं पोराला धरून ठेवलं, आणि "आपले जिंकले, व्हय ना? आपले जिंकले," असं दोनदा म्हणाला. वर्षभरात गेला. आता समिती म्हणते, ते जिंकणं लबाडीचं होतं. ज्या खेळाडूनं शेवटचा गोल केला तो ज्या पैशानं आणला ते पैसे खोटे होते. मग त्या मिठीचं काय करायचं? त्यातून किती गुण वजा करायचे? धम्मपालनं हा प्रश्न स्वतःला खरोखर विचारला, उत्तर काय येतंय ते बघायला, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवून बघावी तसा. शेवटचा गोल कसा झाला ते आठवेना. कुणी केला तेसुद्धा नीट आठवेना. बापाच्या बनियनचा कापूर आणि घाम मिसळलेला वास तेवढा आला. तो कमी झाला नव्हता. याचं त्याला फार नवल वाटलं, आणि बाबा पंपाच्या सिग्नलला हिरवा लागला तरी तो उभाच राहिला, तेव्हा मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. "ओ भाई, सो गए क्या?"

समर्थनगरात दार दमयंतीकाकूंनी उघडलं. "अगंबाई, तूच आलास! बरं झालं बाबा. ये आत." आणि आवाज खाली न आणताच पुढे म्हणाल्या, "सकाळीच पिठलं करायला सांगितलं मला. केलं. दोनदा गरम करून झालं. डबा भरतो, बूट घालतो, दारापर्यंत जातो नि परत येऊन बूट काढतो. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? तर म्हणे, आई तुला नाही कळायचं. कळायचं काय त्यात? पिठलं तर न्यायचं!" हिमांशू दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेला बसला होता. एका पायात बूट होता, दुसरा हातात. धम्मपालला बघून तो उठला, आणि बूट कुठं ठेवावा ते त्याला सुचेना.

"अरे, तू कशाला आलास? म्हणजे, मी निघतच होतो. सगळं ठीक ना?"

"ठीक कशाचं?" धम्मपाल म्हणाला. "घरात मयत झालंय. सकाळधरून चूल नाय पेटलेली, माय दाणे खाऊन बसलीय. सुतकातल्या माणसालाच घास मागायला यावं लागलं, लाज वाटू दे जरा."

हिमांशू हसला, पण ते हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. काकूंनी ताट आणलं. धम्मपाल टेबलाशी बसला, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून हिमांशूकडे बघू लागला. बोल. हिमांशूनं खुर्ची ओढली. "तुमचा तो मालक," त्यानं सुरुवात केली, "म्हणजे, काय म्हणायचं त्याला." थांबला. "अपील करतील ना पण? करायला पाहिजे." धम्मपाल चावत राहिला. "आणि खेळाडूंची काय चूक त्यात?" हिमांशू म्हणाला, "त्यांना काय माहीत." धम्मपालनं दुसरा घास घेतला आणि डाव्या हातानं खूण केली, पुढे. "अरे काय पुढे?" हिमांशू एकदम चिडून म्हणाला. "मला येत नाहीये बोलता. सकाळपासून जे जे सुचतंय ते सगळं... प्रत्येक वाक्य सुचलं की वाटतं, हे मी याला कसं म्हणू?" त्यानं हातातला बूट खाली ठेवला. "ती वाक्यं माझी नाहीत रे. मी या घरात ऐकलीत ती. याच टेबलावर. पहिल्या वर्षी मी सांगितलं की माझा मित्र झालाय, धम्मपाल नाव आहे, तर बाबा जे बोलले ते. क्लबबद्दल नव्हते बोलले. तुझ्याबद्दल बोलले होते. आणि मी आमटी ओरपत बसलो होतो."

स्वयंपाकघरात कढई खरवडण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. धम्मपालच्या तोंडात घास होता. त्याला उत्तर द्यायचं होतं आणि देता येत नव्हतं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण हा घास मुद्दाम गिळत नाही आहोत. श्रीनिवासराव त्याला आठवले, दरवेळी 'या, बसा' म्हणणारे, अहोजाहो करणारे. त्याला धक्का बसला नाही. असलं काही असणार हे त्याला कुठंतरी माहीत होतं. जे नव्हतं माहीत ते हे, की समोर बसलेला हा माणूस ते इतकी वर्षं पोटात घेऊन हिंडत होता आणि तरी पिठलं घेऊन येत होता. त्यानं घास गिळला. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात चांगला बुडवला, आणि टेबलावरून हात लांब करून हिमांशूच्या तोंडाशी नेला.

"आ कर."

"काय?"

"आ कर म्हनलो ना."

हिमांशूनं तोंड उघडलं. घास मोठा होता, त्याचा गाल फुगला.

"आता तुझ्या तोंडात घास हाय. आता तू ऐकायचं," धम्मपाल म्हणाला. "क्लबनं चोरी केली. पकडले गेले. शिक्षा झाली ते लई बरं झालं, अजून व्हायला पाहिजे होती. हे तू येऊन माझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतंस, हिम्या. शिव्या घालून म्हणायला पाहिजे होतंस. म्हणजे मला तुला म्हणता आलं असतं की चोर ते हायेत, मी नाय. माझी जागा माझी हाय. तिच्यासाठी मी कुणाला काय पटवून देणार नाय, तुझ्या बाबांना नाय आन् तुला बी नाय. पण तू गप बसला. तू सांभाळून घेतलं. म्हणजे तू मला आन् त्या चोट्ट्यांना एकाच पंगतीत बसवलं. तुझ्या बाबांनी बोलून जे केलं ते तू न बोलून केलंस आज."

हिमांशू चावायचं विसरला होता. त्याचे डोळे भरले, भाकरीनं की कशानं, ते ठरवायची धम्मपालला इच्छा नव्हती. दारात काकू उभ्या होत्या, हातात भाकरी, आणि ती कुणाच्या ताटात टाकायची ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ती धम्मपालच्या ताटात ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. "मीही होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "मीही वाढतच राहिले." हिमांशूनं कसाबसा घास गिळला, तांब्या तोंडाला लावला, मनगटानं ओठ पुसले.

"म्हणजे तुमचे लोक चोर," तो चाचरत म्हणाला.

"व्हय. आमचे चोर."

"सिद्ध झालेले."

"सिद्ध झालेले. वाच निकाल."

"मग खा की गपचूप," हिमांशू म्हणाला, आणि धम्मपालनं घास तोंडात घालताच तो सुटला. आधी अडखळत, आवाज चाचपत, मग जोरात. दरोडेखोर म्हणाला. मालकाला आता तुरुंगातल्या संघाचा मॅनेजर करा म्हणाला. तुमच्या कपाटातला तो कप पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा केलाय, बघायला जायचं तर आधी पंचनाम्याला सही करावी लागेल म्हणाला. खालच्या लीगमध्ये म्हणे मैदानावरच्या मेंढ्या हाकलल्याशिवाय मॅच सुरू होत नाही, तुमच्या कर्णधाराला टक्कल असलं तरी चालेल, हातात काठी पाहिजे. काकू "पुरे रे मेल्या" म्हणत हसू लागल्या. धम्मपालच्या तोंडात भाकरी, उत्तर देता येत नाही, कान तापलेले, जीव जळतोय, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला आपण हरलोय असं वाटत होतं. हिमांशू आता उभाच राहिला होता, एका पायात बूट, हात नाचवत. "आणि ऐक! पुढच्या वर्षी आपल्या मॅचला तुम्ही..."

तो थांबला. हात हवेतच राहिला.

धम्मपालही चावायचा थांबला. दोघांनाही ते एकदमच कळलं. ॲथलेटिक खाली गेलं म्हणजे लीग वेगळी, आणि लीग वेगळी म्हणजे रोव्हर्सशी मॅच नाही. पुढच्या वर्षी नाही. कदाचित त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. हिमांशू खुर्चीत बसला, आणि त्याचा चेहरा होस्टेलमधल्या त्या पोरासारखा पार उतरला.

"आता काय झालं दोघांना?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी मॅचच नाय काकू," धम्मपाल म्हणाला, आणि हे सांगताना त्याला रडू आलं. तो कुणाला न लपवता, नाक ओढत, भाकरी हातात धरून रडला, आणि ते रडणं नुसतं फुटबॉलचं होतं.